दोन सूत

मामांशी मी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो.

2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले आणि मला पंचेचाळिशीत धनुष्याची हुक्की आली. ती यंत्रासारखी धनुष्यं परवडणारी नव्हती. मी साध्या धनुष्यावर शिकलो, मग त्याची मूठ स्वतः करावी असं डोक्यात घेतलं. मूठ म्हणजे रायझर, धनुष्याचा मधला भाग. दोन्ही पाती तिला बोल्टनं जोडतात. वाकायचं ते पात्यांनी. मुठीनं तसूभरही हलायचं नाही. पाती विकत घेतली. लाकूड आजोळहून आणू म्हटलं.

आजोळ राळेगणसिद्धी. मामांच्या बांधावर बाभळी आहेत. एक जाड फांदी मागितली, तर मामा म्हणाले, "इथं कुऱ्हाडबंदी हाय." म्हणजे झाड तोडायचं नाही. हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, मला तो आल्यागेल्याला दाखवण्यापुरता वाटायचा. मामांनी गोठ्यातली मोडक्या बैलगाडीची दांडी पुढं केली. बाभळीचीच. करडी पडलेली, वर बारीक भेगा, एक गंजका खिळा. मी "बघतो" म्हणालो आणि मनात म्हणालो, जळण.

पुण्यात वखारीतून ताजा ओंडका घेतला. मामांना फोनवर सांगितलं, पाडलेल्या वाड्याचं जुनं लाकूड मिळालं. खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण "तुमची दांडी नको" म्हणताना तिच्याबद्दल मला काय वाटतं ते बाहेर पडलं असतं. गोठ्यातली वस्तू म्हणजे नाइलाजाची वस्तू, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं? त्याच गोठ्यात मी सुट्ट्या काढल्या होत्या.

श्रावणात मूठ झाली. देखणी झाली. संक्रांतीला मिरवायला घेऊन गेलो.

अंगणात एक सुतारकाका चौकटीचं काम करत होते. त्यांनी धनुष्य हातात घेतलं, एक डोळा मिटला आणि दोरीच्या रेषेत पाहिलं. दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मधून दिसली पाहिजे. वरच्या पात्यावर ती बाजूला सरकली होती. "दोन सूत," ते म्हणाले. दोन सूत म्हणजे पाव इंच. बाण वाकडे का जातात म्हणून मी महिनाभर माझ्या खांद्याला दोष देत होतो. काकांनी मुठीवरून अंगठा फिरवला. "वली होती. वाळताना पीळ पडला."

मामा हरभऱ्याचे घाटे सोलत होते. त्यांचा हात थांबला. वाड्याचं जुनं लाकूड ओलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दुसरी थाप मारून मी सुटलो असतो. घाटे पुन्हा सोलायला लागून ते काकांशी बोलावं तसं बोलले, की यादवबाबांच्या देवळाचं लाकूडसुद्धा या गावानं एकेकाळी दारूच्या भट्ट्यांखाली घातलं होतं. 1975 ला लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी गाव सुधारायला त्या देवळापासूनच सुरुवात केली, वगैरे. ही गोष्ट मला ठाऊक होती. दर वेळी ऐकताना मी म्हणायचो, काय माणसं असतील ती.

काकांनी उठून दांडी आणली आणि दगडावर आपटली. खणखणीत वाजली. रंधा मारला तशी करडी साल ढलप्यांत निघाली आणि आत लालसर तपकिरी, घट्ट गाभा. भेगा वरवरच्या होत्या. आतलं पाणी कधीच उडालेलं. आक्रसायचं, पिळायचं ते सगळं गाडीला असतानाच होऊन गेलेलं. खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ होतं. बाभळीतलं टॅनिन लोखंडाला लागलं की असा डाग पडतो. तो कापून टाकू म्हटलं, तर काका म्हणाले, राहू द्या, तळहाताखाली जाईल. बाण टेकतो तिथं मूठ निम्म्याहून जास्त कापावी लागते, तिथं मात्र खिळा किंवा आडवी रेघ नको. त्यांनी खडूनं रेघा ओढून दिल्या. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो, कारण मामांकडं बघवत नव्हतं.

मूठ माघात पुरी झाली. डोळा मिटून पाहिली, दोरी मधोमध. खिळ्याचा डाग अंगठ्याच्या मुळाशी येतो.

पाडव्याला मामांना दाखवली. त्यांनी दोन्ही हातांत तोलली, परत दिली. धनुष्यात त्यांना फारसा रस नाही.

"उरलेले तुकडे आणलेस का? खुरप्याला मूठ करायचीय."

ते मी सोसायटीच्या होळीत घातले होते. या वेळी खरं सांगितलं.