दर माणशी दीड सेकंद

रविवारी पहाटे नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की पुण्याहून आलेले सायकलवाल्यांचे जथे दिसू लागतात. सरकारी कागदावर वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण पहाटे साडेपाचला फोनवर ‘कुठे चाललायस?’ विचारलं तर उत्तर अजून ‘वेल्हे’ असंच येतं. करंजावणे, मार्गासनी, विंझर अशी गावं मागे पडतात, डाव्या हाताला राजगड आणि समोर तोरणा मोठा होत जातो. जथा एका ओळीत चालतो. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाला. थोड्या वेळाने पुढचा बाजूला सरकतो, ओळ त्याच्या शेजारून पुढे जाते आणि तो शेपटीला जाऊन चिकटतो. कोणी हुकूम सोडत नाही. कोपर जरासं हललं की मागच्याला कळतं.

हे इर्जिकीसारखं आहे. आज माझ्या खाचरात सगळ्यांनी भात लावायचं, उद्या तुझ्या. इर्जिकीला जेवायला येणारा आणि दुसऱ्याच्या चिखलात पाय न घालणारा माणूस जसा गावाच्या लक्षात राहतो, तसा आपली पाळी टाळणारा सायकलवालाही जथ्याच्या लक्षात राहतो. त्याला कोणी काही बोलत नाही. पुढच्या रविवारचा निरोप मात्र त्याच्यापर्यंत पोचायचा राहून जातो.

गंमत अशी की हीच मंडळी ट्रायथलॉनला जातात तेव्हा हाच आडोसा गुन्हा ठरतो. कोल्हापूरला राजाराम तलावाकाठी किंवा गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पोहून बाहेर आलं, सायकलवर बसलं, की इर्जिकीचे सगळे संस्कार मोडीत काढायचे. तिथे प्रत्येकाने आपापला वारा आपणच कापायचा. 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात आयर्नमॅन 70.3 भारतात पहिल्यांदा झाली. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर पळणं. त्या मालिकेचा हौशी स्पर्धकांसाठीचा नियम मोजक्या शब्दांत सांगता येतो. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत 12 मीटर अंतर ठेवायचं. त्या अंतरात शिरलात तर 25 सेकंदांत पुढे निघायचं. आणि ज्याला ओलांडलं, त्याने मुकाट्याने मागे सरकून पुन्हा 12 मीटर सोडायचे. मोटारसायकलवरच्या पंचाने पकडलं तर पुढच्या दंडाच्या तंबूत काही मिनिटं नुसतं उभं राहायचं.

एवढा कडकपणा कशासाठी, हे सायकल न चालवणाऱ्याला पटत नाही. सपाटीवर ताशी 30 किलोमीटरने जाताना पायातली बहुतेक ताकद हवा ढकलण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणजे 30 चा वेग 36 वर न्यायचा, तर हवेसाठीची ताकद जवळजवळ पावणेदोनपट लागते. चाकाला चाक लावून मागे बसणाऱ्याचा हा विरोध एक तृतीयांशाच्या आसपास कमी होतो. बर्ट ब्लॉकेन या संशोधकाने 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या झुंडीचा अभ्यास मांडला. झुंडीच्या पोटात, मागच्या भागात बसलेल्याला एकट्या स्वाराच्या तुलनेत जेमतेम 5 ते 10 टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यात निघालं. तिथला माणूस जवळपास फुकटात चाललेला असतो. जुन्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हेच कौशल्य मानलं जाई. बोरघाटापर्यंत झुंडीत जपून ठेवलेली ताकद घाटात काढायची आणि ‘घाटाचा राजा’ व्हायचं. तिथे त्याला कोणी लबाडी म्हटलं नाही, कारण तो त्या खेळाचा करारच होता. ट्रायथलॉनचा करार वेगळा. 1978 मध्ये हवाईत 15 जण पहिल्या आयर्नमॅनला उभे राहिले, ते पोहणारा, सायकल चालवणारा आणि पळणारा यांत अधिक तंदुरुस्त कोण, या वादातून. असला वाद दुसऱ्याच्या पाठीमागे बसून मिटत नाही.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता सुरू होतो तो गर्दीमुळे.

त्या पहिल्या आयर्नमॅनला पंधरा माणसं होती आणि रस्ता बेटभर होता. आज एखाद्या स्पर्धेत वीस मिनिटांत चारशे माणसं पाण्यातून निघून सायकलवर बसतात असं धरा. ताशी 30 च्या वेगाने पहिला माणूस तेवढ्या वेळात 10 किलोमीटर पुढे गेलेला असतो. चारशे जणांना प्रत्येकी 12 मीटर म्हणजे 4.8 किलोमीटर. कागदावर निम्मा रस्ता मोकळा राहतो आणि आयोजक हाच कागद दाखवतात. पण माणसं मणी ओवल्यासारखी समान अंतराने पाण्याबाहेर येत नाहीत, घोळक्याने येतात. त्यात मार्ग फेऱ्यांचा असला की पुढच्यांची दुसरी फेरी मागच्यांच्या पहिल्या फेरीत घुसते. तिथे 12 मीटरची मोकळी जागा दिसली की मागून कोणीतरी ती भरतो. तो काही चूक करत नसतो, तो ओव्हरटेक करत असतो. अंतर सोडलेल्या माणसाने पुन्हा मागे सरायचं. मग पुन्हा कोणीतरी येतो.

याहून मोठी अडचण बरोबरीच्या माणसांची आहे. मी 31 ने चाललोय आणि पुढचा 30 ने. आमच्या वेगातला फरक सेकंदाला जेमतेम 28 सेंटिमीटर. 12 मीटर कापायला मला 43 सेकंद लागणार, आणि नियम देतो 25. म्हणजे खरोखर त्याच्याहून जोरात असूनही मला कायदेशीरपणे त्याला ओलांडता येत नाही. एक तर थोडा वेळ 32 ने जोर लावायचा, नाही तर त्याच्या मागे 30 ने रखडायचं. रखडणारे एकामागून एक साठत जातात आणि लांबून ती आगगाडी दिसते. त्या आगगाडीतला प्रत्येक जण चोर नसतो. निम्म्याहून अधिक जण अडकलेले असतात, असा माझा अंदाज आहे. पण अडकलेला कोण आणि बसलेला कोण, हे मोटारसायकलवरच्या पंचाला अर्ध्या मिनिटात कसं कळावं?

याचं उत्तर मला पाबे घाटात दिसतं. खानापूरकडून रांजणे ओलांडून पाब्याला चढणारा हा घाट आमच्या सरावाचा. सपाटीवर 30 च्या वेगात 12 मीटर म्हणजे दोघांत 1.44 सेकंदांचं अंतर. तेच दोघे घाटाला लागून 10 वर आले, की तेवढ्याच वेळाच्या फरकात फक्त 4 मीटर उरतात. कोणी काही न करता, कोणाची नियत न बदलता, अख्खी ओळ नियमभंगात सापडते. आणि नेमकं तिथेच नियम मोडून मिळण्यासारखं काही नसतं. 10 च्या वेगाला हवेचा जोर 30 च्या मानाने नवव्या हिश्श्यावर आलेला असतो. चढावर ज्याचं वजन त्यानेच वाहायचं. उतारावर वेग 50 च्या पुढे गेला की मात्र त्याच चार मीटरला मोल येतं आणि धोकाही. चढावर जवळ आलेला उतारावर तितकाच जवळ राहतो की अंतर वाढू देतो, एवढं पाहिलं तरी पंचाला निम्मी माणसं ओळखू येतील.

एकदा मार्गासनीच्या पुढे चहाला थांबलो असताना हा सगळा नियम मी टपरीवरच्या मामांना समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे पुढच्याच्या मागं लपायचं नाय?”

“नाही, मामा.”

“आन् माणसं किती सोडता?”

“हजारभर.”

“मंग लपायचं नाय तर एवढी सोडता कशाला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण ट्रायथलॉनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे एक होतं. 1995 पासून तिने अव्वल स्पर्धकांना आडोशाला चालवायची मोकळीकच देऊन टाकली. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आली ती अशीच, झुंडीने सायकल चालवणारी. मला तो निर्णय पराभव वाटतो, प्रामाणिक असला तरी पराभवच. जो नियम राबवता येत नाही तो ठेवू नये, हे खरं. पण झुंड सायकलवर सगळ्यांना सारखं करून सोडते आणि शर्यत मग पळण्यावर ठरते. तीन खेळांतला एक खेळ नुसता प्रवास होऊन बसतो.

हौशी स्पर्धकांना ही मोकळीक देता येत नाही, त्याचं कारण अधिक साधं आहे. आमच्यातले कित्येक एअरोबारवर कोपरं टेकून चालवतात आणि तेव्हा ब्रेक हाताशी नसतात. चेलाडी ते वेल्हे दर रविवारी झुंडीत चालवणाऱ्याला पुढच्याच्या चाकाची भाषा कळते. फक्त जिममधल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर 90 किलोमीटर काढलेल्याला ती कळत नाही. पुढच्याने खड्डा चुकवला की मागचे तिघे रस्त्यावर. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली तेव्हा जिल्ह्याच्या रस्त्यांवरून व्यावसायिकांची झुंड जाताना अनेकांनी पाहिली. चाकांत वीतभर अंतर आणि खांद्याला खांदा. त्यामागे वर्षानुवर्षांची सवय असते. ती नोंदणी शुल्काबरोबर टी-शर्टसारखी पिशवीत मिळत नाही.

आमच्या गटातली एक मैत्रीण वेगळीच तक्रार सांगते. ती पाण्यात चपळ, सायकलीवर त्याहून. बायकांचा गट पुरुषांच्या मागून सोडला की ती पहिल्या दहा किलोमीटरमध्येच पुरुषांच्या घोळक्याला गाठते. ओलांडावं तर कोणा ना कोणाचा अहंकार जागा होतो आणि तो पुन्हा पुढे येतो. मागे राहावं तर तिच्या वयोगटातल्या बाईला वाटतं, ही पुरुषांच्या आडोशाने निघाली. जागतिक स्पर्धेसाठीच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे तिथे हा संशय नुसता संशय राहत नाही, त्याची लेखी तक्रार होते. सहाशेवा येणारा माझ्यासारखा माणूस कोणाच्या मागे बसला तर कोणाचं काय गेलं, हा प्रश्न मला पूर्वी बिनतोड वाटे. सहाशेव्याच्या झुंडीमुळे पहिल्या बाईची शर्यत नासते, हे तिच्यामुळे कळलं.

‘सगळेच करतात’ हे वाक्य शर्यतीनंतर पोह्यांच्या रांगेत हमखास ऐकू येतं. त्याच्या मागोमाग दुसरं येतं: ‘मी एकट्याने अंतर पाळलं असतं तर शेवटचा आलो असतो.’ हे दुसरं वाक्य मी एकदा कागदावर तपासून पाहिलं. मला कोणी ओलांडलं की मी 12 मीटर मागे सरायचं. 30 च्या वेगात 12 मीटर म्हणजे दीड सेकंदाला थोडं कमी. दहा जणांनी ओलांडलं तर साधारण पंधरा सेकंद. शंभर जणांनी ओलांडलं तर सुमारे अडीच मिनिटं. तीन तासांच्या सायकलीत, अगदी भरगच्च रस्त्यावर, सरळ वागण्याची किंमत एवढीच. मधूनमधून लय तुटते, हेही त्यात धरा. तरी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाताना, मोजा शोधण्यात याहून जास्त वेळ घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. उलट तेच 90 किलोमीटर चाकाला चिकटून काढणाऱ्याचा फायदा मिनिटामिनिटाने वाढत जातो, आणि न थकलेले पाय पळायला मिळतात ते वेगळंच. नुकसान लहान आणि मोह मोठा. आपण मात्र बोलताना नुकसान मोठं करून सांगतो.

म्हणून स्पर्धकाला सूट द्यायला मी तयार नाही. गर्दीत अडकणं हा दोष नाही, पण अडकल्यावर पेडल थांबवणं आपल्याच पायात असतं. भोरहून मांढरदेवीच्या वाटेने किंवा भाटघरच्या पाण्याकाठाने सराव करतानाच कधीतरी एक तास ठरवून एकट्याने, समोरच्यापासून 12 मीटर सोडून चालवून पाहावं. 12 मीटर डोळ्यांना किती लांब वाटतात, ते त्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा करणारा बहुतेक सात-आठ मीटरलाच बारा समजतो.

पण सगळा भार स्पर्धकाच्या सचोटीवर टाकून मोकळ्या होणाऱ्या आयोजकांचा मला अधिक राग येतो. 12 मीटरचा नियम छापायचा आणि रस्त्यात मावणार नाहीत इतकी माणसं घ्यायची, म्हणजे सरळ वागायची इच्छा असलेल्याचीही सोय काढून घेणं. पाण्यात एकदम सगळ्यांना न सोडता काही सेकंदांच्या अंतराने चार-पाच जणांना सोडणं, छोट्या फेऱ्यांऐवजी लांब एकच मार्ग, जोरात जाणाऱ्या बायकांना आधी सुरुवात, आणि झुंड फोडायला पुरेसे पंच. यातलं काही नवं नाही आणि काही फार महागही नाही. महाग पडतं ते एकच, नोंदणी वेळेवर थांबवणं.

तेव्हा पुढच्या वेळी शुल्क भरण्याआधी आयोजकांना दोन आकडे विचारा: सायकलची एक फेरी किती किलोमीटरची आहे, आणि त्या फेरीवर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं असतील. भागाकार घरी करा. माणशी निदान पंचवीस मीटर येत नसतील, तर ते पैसे त्या स्पर्धेला देऊ नका.