तारीख स्क्रीनच्या बाहेर राहिली

पोस्ट मोठी झालीय, आधीच सांगतो. यात माझी एक जुनी चूक कबूल करायची आहे आणि आपल्या नांदेड-लातूरच्या पोरांना एक कामाची गोष्ट सांगायची आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

नांदेडला माझं छोटं दुकान आहे. वेबसाइट करून देतो, जोडीला बॅनर, व्हिजिटिंग कार्ड. 2015 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेचं काम मिळालं. तेव्हा जेवढं येत होतं तेवढ्यात केलं. दुकानातल्या मोठ्या मॉनिटरवर बघत बघत पानाची रुंदी पक्की करून टाकली, 1200 पिक्सेल. संस्थेचे लोक आले, मॉनिटरवर बघितलं, खूश झाले. चहा झाला, बिल झालं.

सहा महिन्यांनी फोन. "भाऊ, मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसायलेत." मी नेटवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, व्ह्यूपोर्टची ही एक ओळ टाका, पान मोबाईलच्या रुंदीनं उघडेल. टाकली. अक्षरं मोठी झाली, पण पान आडवं सरकायला लागलं. मग दुसरी ओळ सापडली. तिचा अर्थ इतकाच, की चौकटीबाहेर जे जाईल ते लपव. तीही टाकली. पान सरकायचं बंद झालं. मी म्हणलं, झालं काम.

नेमकं काय लपलं, ते मी बघितलंच नाही.

2017 चा जून. बिलाची बाकी आणायला मी एसटीनं लोहा, अहमदपूर करत त्या संस्थेत गेलो. प्रवेशाचे दिवस, ऑफिसच्या खिडकीपुढं गर्दी. सगळ्यात पुढं एक शेतकरी माणूस आणि त्यांची मुलगी. मुलीचं नाव यादीत लागलं होतं, पण फी भरायची तारीख आदल्या दिवशीच संपली होती. जागा पुढच्या नंबरला गेली होती.

"वेबसाइटवर तारीख टाकलेली आहे," क्लार्क म्हणाले. बोलणं उद्धट नव्हतं. त्यांनी मॉनिटर खिडकीकडं वळवून दाखवला. खरंच होती.

"लेकरानं रोज मोबाईलवर पाहिलं साहेब. नाव दिसलं, तारीख कुठंच दिसली नाही बगा," वडील म्हणाले. मुलीनं फोन पुढं केला. खरंच नव्हती.

दोघंही खरं बोलत होते. ती यादी नऊ रकान्यांची होती. अनुक्रमांक, अर्ज क्रमांक, नाव, प्रवर्ग, गुण, शाखा, फेरी, फीची रक्कम आणि सगळ्यात शेवटी अंतिम तारीख. फोनवर पहिले चार रकाने दिसत होते. उरलेले पाच माझ्या त्या एका ओळीनं कापले होते. आणि सरकवून बघायची सोय मीच बंद केली होती.

मी तिथंच, मागं उभा होतो. काही बोललो नाही. बाकी घेतली आणि परत आलो. गाडीत बसल्यावर वाटलं, निदान क्लार्कला तरी सांगायला पाहिजे होतं की चूक या लोकांची नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. पण जागा तर गेलेलीच होती. त्या मुलीनं पुढं दुसऱ्या शाखेत प्रवेश घेतला, एवढं नंतर कळलं.

मित्रांनो, काळ कोणता होता तेही बघा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि वर्षभरात आपल्याकडं वाडी-तांड्यावर नेट पोचलं. ज्या घरात कधी कॉम्प्युटर आला नाही, त्या घरात थेट मोबाईल आला. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, प्रवेश, सगळं त्या पाच इंची काचेतून. वेबसाइट ही आता ऑफिसची खिडकी झाली. आणि आम्ही खिडक्या बांधत होतो मॉनिटरच्या मापानं.

मला सबबही नव्हती. ईथन मार्कोट या वेब डिझायनरनं 2010 च्या मे महिन्यात एका लेखात 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली होती, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणं मांडणी बदलणारं पान. ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी 'बूटस्ट्रॅप' तयार केलं आणि ते 19 ऑगस्ट 2011 ला सगळ्यांसाठी खुलं झालं. फुकट. 2013 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तर त्याचा नियमच झाला, आधी मोबाईल, मग मोठा पडदा. म्हणजे मी संस्थेचं काम केलं तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती. मी शिकलो नव्हतो, एवढंच.

त्या जूनमध्ये शिकायला बसलो. आठ दिवस लागले. जे आठ दिवसांत शिकलो, ते इथं थोडक्यात सांगतो, कारण शिकायला पुण्यालाच जावं लागतं असं आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना वाटतं.

बूटस्ट्रॅप म्हणजे वेगळी भाषा नाही. पान कसं दिसावं याचे आधीच लिहून ठेवलेले नियम. आपण फक्त आपल्या एचटीएमएलमध्ये ठरलेली नावं वापरायची. म्हणून आधी साधं एचटीएमएल आणि थोडं सीएसएस यायला पाहिजे. ते न शिकता इथं उडी मारली, तर माझ्यासारख्या ओळी चिकटवत बसाल.

सुरुवात तीन गोष्टींनी. पानाची भाषा मराठी आहे हे सांगा. अक्षरांसाठी यूटीएफ-8 लिहा. व्ह्यूपोर्टची ओळ टाका. मग बूटस्ट्रॅपच्या अधिकृत साइटवरून दोन ओळी उचला. सीएसएसची ओळ पानाच्या डोक्यात, जावास्क्रिप्टची पानाच्या शेवटी. ही दुसरी ओळ उघडझाप होणारा मेनू वगैरे असेल तरच लागते. नेटचा भरवसा नसेल तर फायली उतरवून आपल्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आता मुख्य गोष्ट, ग्रिड. पुस्तकी व्याख्या सोडा, वावर डोळ्यापुढं आणा. आपल्याकडं सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन अशी पेरणी करतात. बूटस्ट्रॅपमध्ये आडव्या पट्ट्याचे 12 सारखे भाग असतात. त्यातले 8 मजकुराला आणि 4 सूचनांना दिले, की तेच चार-दोनचं प्रमाण झालं. सगळ्यात बाहेर 'कंटेनर', म्हणजे बांध. त्याच्या आत 'रो', म्हणजे पट्टा. पट्ट्यात 'कोल', म्हणजे आपले रकाने.

खरी गंमत पुढं आहे. 'कोल-एमडी-8' असं लिहिलं, की त्याचा अर्थ, पडदा 768 पिक्सेल किंवा त्याहून रुंद असेल तरच 8 भाग घे. त्याहून अरुंद असेल तर पूर्ण रुंदी घे आणि खालचा भाग खाली जाऊ दे. असे टप्पे ठरलेले आहेत : 576, 768, 992, 1200 आणि पाचव्या आवृत्तीत 1400. एकच पान, मोबाईलवर एकाखाली एक, मॉनिटरवर शेजारी शेजारी. वेगळी मोबाईल साइट करायची गरज नाही.

फोटोला 'इमेज-फ्लुइड' लावा, तो चौकटीबाहेर जाणार नाही. मोठ्या तक्त्याभोवती 'टेबल-रिस्पॉन्सिव्ह' लावा, मग तक्ता बोटानं आडवा सरकतो, कापला जात नाही.

पण इथंच मी दुसऱ्यांदा फसणार होतो. ती नऊ रकान्यांची यादी मी त्या चौकटीत टाकली, सरकायला लागली, बरं वाटलं. मग पुतणीच्या हातात फोन दिला आणि म्हणलं, तारीख शोध. तिनं वर-खाली केलं, नाव बघितलं, फोन परत दिला. "काका, तारीख नाहीये यात." तक्ता आडवा सरकतो हे तिला कोण सांगणार?

तेव्हा कळलं. बूटस्ट्रॅप पान मोबाईलमध्ये बसवतं. त्यात आधी काय दिसायला पाहिजे, हे ते ठरवत नाही. ते आपण ठरवायचं. मी तक्ता मोडला. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड केलं. वर नाव, त्याच्या खाली ठळक अक्षरात फीची अंतिम तारीख आणि रक्कम, बाकी सगळं त्याखाली. संस्थेकडून पैसे न घेता साइट नव्यानं करून दिली. उपकार नव्हता तो, उधारी होती.

मराठीसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बूटस्ट्रॅपची शीर्षकं इंग्रजीच्या हिशोबानं आहेत, ओळींमधलं अंतर 1.2. आपल्या वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना धडकतात. ते दीडच्या आसपास करा. आणि मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं नोटिशीचं पत्रक स्कॅन करून फोटो टाकू नका. बूटस्ट्रॅपचं सीएसएस दाबून पाठवलं की साधारण 30 केबीत येतं, स्कॅन केलेला एक फोटो कितीतरी एमबी खातो. गावात एकच काडी रेंज असते तेव्हा हा फरक कळतो.

आता हे सगळं फेसबुकवर का सांगतोय? कारण हा फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा विषय नाही. रस्त्याला खड्डा असला की आपण बोलतो, नळाला पाणी आलं नाही की मोर्चा काढतो. वेबसाइटवर बटण दिसलं नाही तर मात्र म्हणतो, "आपल्यालाच जमंना." नाही हो. तुम्हाला जमतंय, बनवणाऱ्याला जमलेलं नाही. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं भारत सरकारनं 2009 पासून काढलेली आहेत, तिसरी आवृत्ती 2023 ला आली आणि तिच्यात मोबाईल ॲपही आले. मागायला आधार आहे.

माझ्या दुकानात आता रविवारी चार-पाच पोरं येतात. कुणी विद्यापीठात शिकतंय, कुणी आयटीआयचं. त्यांना पहिला धडा मी तीच यादी देतो, नऊ रकान्यांची, आणि ड्रॉवरमधला काच तडकलेला जुना फोन. म्हणतो, तारीख दोन सेकंदात दिसली पाहिजे. मागच्या महिन्यात एका पोरीनं बूटस्ट्रॅपची ओळ टाकायच्या आधी वहीत कागदावर आखून बघितलं, तारीख कुठं ठेवायची ते. मला जे कळायला एका लेकराची जागा जावी लागली, ते तिला बसल्या जागी कळलं.

तुम्ही एकच करा. आज आपल्या कॉलेजची, पतसंस्थेची, बाजार समितीची, नगरपालिकेची साइट मोबाईलवर उघडा. आडवं सरकावं लागतं का? तारीख आणि फोन नंबर पटकन सापडतो का? फॉर्मचं शेवटचं बटण दिसतं का? नसेल तर जाऊन सांगा, भांडू नका. दोन-चार दिवसांचं काम आहे, करणारी पोरं आपल्याच गावात आहेत. त्यांना काम द्या, पण एक अट घाला. साइट मॉनिटरवर नाही, तुमच्या फोनवर दाखवायची. बिल त्याच्यानंतर.

मला 2015 मध्ये कुणी ही अट घातली असती तर बरं झालं असतं.

पटलं तर पुढं पाठवा.