न वाचलेला कागद

आम्हा चंद्रपूरकरांना अवजड यंत्रांचे फारसे अप्रूप नाही. दुर्गापूर, पद्मापूर, सास्तीच्या उघड्या कोळसा खाणी आहेत, महाऔष्णिक वीज केंद्र आहे आणि आता गडचिरोलीकडे सुरजागड अन् कोनसरीची वर्दळ वाढली आहे. रस्त्याने लांबलचक ट्रेलर निघाला की शाळेची मुले थांबून त्याची चाके मोजतात. पण असे एक यंत्र आमच्याच घरच्या पैशांवर समुद्र ओलांडून येईल आणि शिकवणाऱ्या आम्हालाच धडा देऊन जाईल, हे कधी मनात आले नव्हते.

आमचा भाचा आयटीआय झालेला फिटर. बारा वर्षे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम करून त्याने घुग्गुसजवळ स्वतःची शेड टाकली. खाणीतल्या डंपर-लोडरचे झिजलेले भाग दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. मोठ्या भागांची भोके पुन्हा अचूक मापात करायला बोरिंग मशीन लागते. विहिरीचे बोअर नव्हे. लोखंडाला भोक पाडून ते केसाएवढ्या अचूकतेने घासणारे यंत्र. ते नसल्याने मोठी कामे नागपूरला जात. जर्मनीत एक जुने पण चांगल्या स्थितीतले यंत्र विकायला होते, वजन 24 टन. जुनी यंत्रे आणायला आपल्या कायद्यात मोकळीक आहे. फक्त किंमत आणि स्थिती याबद्दल चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला कस्टमला द्यावा लागतो.

पैसे जमवताना आपाने बांगड्या मोडल्या. आम्ही दोघांनी हजसाठी बाजूला ठेवलेली रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून दिली. पैसे देताना हात थरथरला नाही. मुलगा मेहनती होता आणि काम हलालचे होते.

एका संध्याकाळी तो विक्रेत्याचा कागद घेऊन आला. "मामू, इंग्रजी आहे. एकदा नजर टाका."

आम्ही बीएड झालेलो, उर्दू आणि मराठी शिकवणारे. खानदानात कुणालाही अर्ज लिहायचा झाला की आमच्याच दारी येतात. चष्मा लावून आम्ही दोन पाने चाळली. 'सीआयएफ' अशी अक्षरे होती, पुढे किंमत, इन्शुरन्स आणि भाडे धरून असा खुलासा होता. "इन्शुरन्स आहे की! काही काळजी नाही," आम्ही म्हणालो. त्याने सही केली.

यंत्र रुंदीला बंद कंटेनरपेक्षा मोठे होते. म्हणून ते बाजूच्या भिंती आणि छत नसलेल्या चाळीस फुटी फ्लॅट रॅकवर चढवले, साखळ्यांनी जखडले, वर ताडपत्री घातली. 2024 च्या जानेवारीत ते हॅम्बर्गहून निघाले. त्याच सुमारास लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. बहुतेक कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली होती. त्याने प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढतो. भाचा रोज मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघायचा. आपा प्रत्येक नमाजनंतर त्या ठिपक्यासाठी दुआ करायची.

न्हावा शेवा बंदरात कागदपत्रांत काही दिवस गेले, त्या प्रत्येक दिवसाचे भाडे लागले. मग आठशे किलोमीटरहून जास्त रस्ता कापून ट्रेलर घुग्गुसला आला. क्रेन तयार होती, मिठाई आणली होती. ताडपत्री काढली आणि भाचा गप्प झाला. यंत्राच्या ज्या गुळगुळीत पट्ट्यांवरून त्याचा भार सरकतो, त्या पट्ट्यांवर गंजाचे लालसर डाग पसरले होते. त्या खराब म्हणजे अचूकता गेली.

हे कसे झाले? समुद्राच्या लाटा आत आल्या नव्हत्या. उन्हाळ्यात फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तसेच. जर्मनीच्या थंडीत गारठलेले 24 टन लोखंड उष्ण, दमट हवेत आले. लोखंड लवकर तापत नाही. हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसली आणि ताडपत्रीने ते पाणी आतच धरून ठेवले. यासाठी गंजरोधक तेलाचा जाड थर, वाफ आत न येऊ देणारे ॲल्युमिनियमचे आवरण आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लागतात. यातले काहीच नीट केले नव्हते.

विम्याकडे दावा केला. नकार आला. त्या रात्री आम्ही तोच कागद पुन्हा काढला. या वेळी शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचला.

सीआयएफ सौद्यात विमा विक्रेता काढतो, पण त्याच्यावर बंधन असते ते किमान विम्याचे. त्याला 'क्लॉज सी' म्हणतात. आग, जहाज बुडणे, टक्कर अशा मोठ्या संकटांपुरता तो असतो. ओलाव्याचा गंज त्यात नाही. शिवाय माल जहाजावर चढला की त्यानंतरची जोखीम विकत घेणाऱ्याची. 'क्लॉज ए' घेतला असता तर संरक्षण पुष्कळ मोठे होते. तरी पॅकिंगच अपुरे असेल तर तोही हात वर करतो. सगळे छापलेले होते.

वाचता वाचता 'जनरल ॲव्हरेज' हा शब्द आला. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर ते नुकसान जहाजमालक आणि सर्व मालधनी यांनी वाटून घ्यायचे, असा हा जुना कायदा. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हाही तो लागू झाला होता. या 'ॲव्हरेज' शब्दाचे मूळ अरबीतल्या 'अवार' म्हणजे खोट, बिघाड या शब्दात मानतात. आम्ही उर्दूचे शिक्षक. ज्या कागदाला परका समजून आम्ही भरभर उलटले, त्यात आमच्याच भाषेच्या घरचा शब्द बसला होता!

भाच्याने "मामू, तुम्ही वाचलं होतं ना?" असे एकदाही विचारले नाही. विचारले असते तर बरे वाटले असते.

उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावे, ही शिकवण आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल. समुद्रावरची माणसे ती अक्षरशः पाळतात. खवळलेल्या समुद्रात बाजूला ढकलणारा जोर मालाच्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत धरून साखळ्या बांधाव्यात, असे 2014 ची आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते. 24 टनांसाठी तो जोर 19 टनांचा झाला. खाली लावलेल्या लाकडाचासुद्धा नियम आहे. आतला गाभा 56 अंशांवर 30 मिनिटे तापवून त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा, म्हणजे एका देशातली कीड दुसऱ्या देशातल्या जंगलात जाणार नाही. आमच्या यंत्राच्या साखळ्या पक्क्या होत्या, लाकडावर शिक्काही होता. सैल राहिले होते ते आमचे वाचन.

नागपूरहून एक वयस्क कारागीर बोलावले. पट्टीला निळा रंग लावून ती यंत्रावर घासायची, जिथे रंग लागेल तो उंचवटा हाताने खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. असे चार महिने चालले. अल्हम्दुलिल्लाह, यंत्र आज चालते. भाचा हप्त्याहप्त्याने पैसे परत करतो आहे. आमची हज मात्र पुढे गेली. आपाच्या मनगटात अजून काचेच्याच बांगड्या आहेत.

मागच्या महिन्यात त्याने दुसऱ्या, लहान यंत्राचा कागद आणला. इशानंतर बसलो ते मध्यरात्रीपर्यंत. समजले नाही तिथे आम्ही पेन्सिलने खूण केली, आणि सकाळी नागपूरच्या एका जाणत्या कस्टम एजंटला फोन लावून प्रत्येक खूण विचारली. अठरा खुणा निघाल्या. विमा 'क्लॉज ए' ठरला, पॅकिंगचे फोटो चढवण्याआधी पाठवण्याची अट घातली, आणि मगच भाच्याने सही केली.

वाचकहो, आपल्या घरातही एखादा भाचा, एखादी भाची कधीतरी कागद पुढे ठेवील, कारण आपण शिकलेले आहोत असा त्यांचा विश्वास असतो. हा विश्वासही अमानतच आहे. समजले नसेल तर "मला समजले नाही, विचारून सांगतो," एवढे म्हणावे. त्या संध्याकाळी आम्हाला एवढेच म्हणायचे होते.