सातवा दिवस

आज सातवा दिवस. सकाळी तोंड धुताना उजव्या गालावरची शेवटची खपली पाण्याबरोबर निघून आली. खाली कोवळी, गुलाबी कातडी. आई म्हणाली, "हात लावू नकोस गं."

मुरमांचे खड्डे पंधरा वर्षं सोबत होते. लेझरसाठी मुद्दाम हिवाळा निवडला. गोंदियाच्या मे महिन्यात हे धाडस नकोच. नागपूरला भूल देणारं मलम लावून बसले, मग टिकटिक करत ठिपके उमटत गेले. केस जळाल्यासारखा वास. परतीच्या गाडीत तुमसर येईपर्यंत ओढणीखाली चेहरा नुसता पेटला होता.

यंत्र कार्बन डायऑक्साइड लेझरचं. त्याचा किरण कातडीतल्या पाण्याची क्षणात वाफ करतो, सूक्ष्म छिद्रं पडतात आणि मधली शाबूत कातडी ती भरून काढते. आतलं नवं कोलॅजन मात्र कित्येक महिने बनत राहतं. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! वाचलं आणि ऊर भरून आला.

धास्ती आहे ती डागांची. आपल्या सावळ्या कातडीवर जखमेमागून काळे डाग उठतात. म्हणून व्हॅसलीन, सनस्क्रीन, छत्री. मामाकडे धानाच्या चुरणीला जाणं राहिलं, त्याची हळहळ वाटते.

मुलींनो, करायचंच असेल तर पार्लरमध्ये नको. त्वचारोगतज्ज्ञच गाठा, आणि उन्हाळा टळू द्या.