मांज्यानं कापलेली बोटं

16 जानेवारी 2025
वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, काल संपली, तरी आमच्या फिजिओथेरपी ओपीडीत अजून पतंगच. माना आखडलेल्या, खांदे धरलेले. एकोणीस वर्षांच्या एका मुलाचं मात्र ऑपरेशनच झालं. मांज्यानं मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टेंडन कापले.

20 जानेवारी
त्याचा स्प्लिंट मी केला. थर्मोप्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात ओल्या पापडासारखा लुळा पडतो. तो हाताच्या पाठीवर बसवून कडक होईपर्यंत धरला. मनगट आणि बोटांची मुळं वाकलेली ठेवून. त्यानं विचारलं, "बेन, आंगळी वळशे ने?" बोट वळेल ना? मी "वळशे" म्हणून मोकळी झाले. इतक्यात म्हणायला नको होतं.

22 जानेवारी
शिवलेला टेंडन हलवला नाही तर चिकटतो, जोरात ओढला तर तुटतो. मुलाचे टेंडन जिथे कापले, बोटातल्या त्या भागाला सर्जन स्टर्लिंग बनेल 'नो मॅन्स लँड' म्हणत. एका अरुंद बोगद्यातून दोन टेंडन सरकतात. पूर्वी तिथे लगेच शिवायला सर्जन धजत नसत. 1960च्या दशकात सर्जन क्लाइनर्ट यांनी लगेच शिवून, लवकर हालचाल सुरू करून दाखवली.
आमचा हा पतंगवाला मुलगा दर तासाला दुसऱ्या हातानं बोटं मिटवतो, मग स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ करतो. दहा वेळा. स्वतःच्या जोरावर मूठ वळायची नाही.

26 जानेवारी, रविवार
इथे बडोद्यातच दांडिया बाजारात गेले होते. आजोबांचा निखळलेला खांदा माणिकरावांच्या आखाड्यात बसवला होता, असं घरी सांगतात. प्रोफेसर माणिकराव हाडं बसवण्यात नावाजलेले. पुस्तकी ज्ञानही इथे कमी नाही: याच बडोद्यात संपादक मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे 10 खंड काढले. माझीही साडेचार वर्षांच्या बीपीटीत, फिजिओथेरपीच्या पदवीत, शरीररचना पाठ झाली. पण बोटांना कळणं, इथवर थांब, हे मला आत्ता कुठे येतंय.

30 जानेवारी
आज तो मुलगा हौसेनं मूठ वळून दाखवायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या आठवड्यातच शिवण सगळ्यात कच्ची असते. त्याच्या आईला बसवून सगळं परत सांगितलं. माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते.
पुढे एमपीटीला, म्हणजे पदव्युत्तरला, स्पोर्ट्स घ्यायचं, हे पहिल्या वर्षापासून ठरलेलं. आता हातांचंच काम करावंसं वाटतंय.

27 फेब्रुवारी
सहा आठवडे झाले, स्प्लिंट निघाला. त्यानं स्वतः मूठ वळली. मधलं बोट तळहाताला टेकलं, अनामिका दोन सेंटिमीटर दूर. पट्टी लावून आकडा फाइलमध्ये लिहिला. उद्या अकराला परत बोलावलंय.