अथेन्सनंतरची हजार वर्षं

बीबी, ता. लोणार

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

एम.ए.ला विंदा करंदीकरांचं ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ वाचतेयस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पण ॲरिस्टॉटल अथेन्सहून थेट आपल्यापर्यंत आलेला नाही. ‘काव्यशास्त्रा’चं सर्वांत जुनं ग्रीक हस्तलिखित आज पॅरिसला आहे आणि ते लिहिलं गेलं दहाव्या शतकात, बायझंटाइन साम्राज्यात.

प्लेटोचंही तसंच. पुढे सिझेरियाचा आर्चबिशप झालेल्या अरेथासनं 895 साली प्लेटोचे संवाद उतरवून घेतले. चर्मपत्राला 8 सोन्याची नाणी लागली, नकलकारानं 13 घेतली. समासात खुद्द अरेथासच्या हातच्या टिपा आहेत. हे पुस्तक आता ऑक्सफर्डला आहे. आपल्या लोणारचा उल्लेख असलेलं ‘लीळाचरित्र’ महानुभावांनी सकळ लिपीत नकलून जपलं, तीच ही जिद्द.

मात्र या बायझंटाइन लोकांना नुसते नकलकार म्हणणं अन्यायाचं आहे.

अकराव्या शतकात सम्राट नववा कॉन्स्टंटाइन यानं मायकेल सेलोसला राजधानीत तत्त्वज्ञांचा प्रमुख नेमलं. सेलोस प्लेटो आणि त्याच्या परंपरेतला प्रोक्लस भक्तिभावानं वाचायचा, पण चर्चला सांभाळून. त्याच्यामागून त्या पदावर आलेल्या जॉन इटालोसला ते साधलं नाही. त्यानं धर्मतत्त्वांनाच तर्कशास्त्र लावलं. 1082 साली त्याच्यावर खटला चालला आणि त्याचं शिकवणं कायमचं बंद झालं. चर्चनं तेव्हा अकरा निषेध-कलमं काढली. जडद्रव्य अनादी मानणारे त्यांत आले, प्लेटोची आदिरूपं खरी मानणारे आले, आणि आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो म्हणणारेही! आपल्याकडे आजीच्या तोंडी सहज असणारा विचार तिथे शापाला पात्र ठरला. ग्रीक विद्या शिकायला मनाई नव्हती. तिच्यातली मतं खरी मानायला होती.

तरी विचार थांबला नाही. इटालोसचाच शिष्य, नायसियाचा युस्ट्रेशियस, यानं ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर भाष्य लिहिलं. अशा भाष्यकारांना आश्रय दिला तो ॲना कोम्नेनानं, म्हणजे ज्याच्या राज्यात इटालोसवर खटला झाला त्या सम्राट ॲलेक्सियसच्या मुलीनं. पुढे 1117 साली युस्ट्रेशियसवरही पाखंडाचा ठपका आला. त्याचं भाष्य मात्र तेराव्या शतकात लॅटिनमध्ये गेलं आणि पश्चिम युरोपात अभ्यासलं गेलं.

तुमच्या अभ्यासक्रमात अथेन्सनंतर एकदम युरोपातलं प्रबोधन येत असेल, तर मधली हजार वर्षं तू स्वतः वाच. सुरुवात इटालोसपासून कर.

तुझा,
मामा