बारालाचा राहिला

"लेह झालं ना तुमचं?" असं नातेवाईक अजूनही विचारतात. नाही झालं. का नाही, ते एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे प्रत्येक लग्नात तेच पुराण सांगायला नको.

आम्ही पडलो गोंदियाचे. भाताचा आणि तलावांचा जिल्हा, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर. डोंगर म्हणजे आमच्यासाठी सालेकशाकडचा दरेकसा, जिथे मुंबई-हावडा रेल्वे बोगद्यातून जाते. त्यापलीकडे उंचीशी आमचा संबंध नाही.

तर जून २०२२ मध्ये मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ मनालीहून निघालो. एकच जुनी बुलेट, आळीपाळीने चालवायची. पूर्वी या वाटेवर पहिल्याच दिवशी रोहतांग (३,९७८ मीटर) चढावा लागायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि तो चढ सुटला. सोय झाली खरी, पण रस्ता जवळ आला म्हणून शरीर लवकर तयार होत नाही! ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी, असं डॉक्टर सांगतात. म्हणून आम्ही जिस्पाला दोन रात्री काढल्या.

दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, त्यामुळे पहाटेच निघालो. दारच्याच्या पुढे डांबर मधूनमधून गायबच. नुसते गोटे आणि चिखल. एका नाल्यात दोघांचे बूट पाण्याने भरले. वर जावं तशी गाडीही धापा टाकायला लागली. कार्ब्युरेटरवाली गाडी, हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच, मग प्लग काळा पडतो.

झिंगझिंगबारला, ४,२०० मीटरच्या वर, प्लग पुसायला थांबलो. धाकटा उतरला आणि उलटी झाली. डोकं सकाळपासूनच दुखत होतं म्हणे. हा पोरगा राइस मिलमध्ये धानाची पोती पाठीवर घेणारा, मी जिना चढून दमणारा. पण उंची ताकद बघत नाही.

"काई नाई होत दादा, चाल," म्हणाला.

तिथे रस्त्याचं काम करणारे मजूर होते. त्यातला एक वयस्कर माणूस झारखंडचा, दुमक्याकडचा. त्याने याला पावलापुढे पाऊल लावून सरळ चालायला लावलं. चार पावलांत तोल गेला. "इसको नीचे ले जाओ, अभी," तो म्हणाला. मग विचारलं, कुठले? गोंदिया म्हटल्यावर हसला. "गीतांजली रुकती है ना उधर?" टाटानगरहून मुंबईला कामाला जाताना त्याने आमचं स्टेशन पाहिलेलं. तोही सपाटीचाच माणूस. दर उन्हाळ्यात इथे येऊन खडी फोडतो, म्हणूनच त्याला हे ठाऊक.

बारालाचा फक्त १८-२० किलोमीटरवर होता. दोन वर्षं पैसे साठवलेले, सुट्टी मिनतवारीने मिळालेली. पण बारालाचा ४,८९० मीटर, आणि तो ओलांडून मुक्काम सरचूला, तेही ४,२०० च्या वर. म्हणजे रात्री तिथे बिघडलं तर खाली यायला आधी पुन्हा बारालाचाच चढायचा. पुढे जावं तर लाचुंग ला, ५,००० च्या वर. दोन्हीकडून कोंडी.

मनालीकडे जाणाऱ्या टॅक्सीत धाकट्याला बसवलं, मी बुलेटवर मागोमाग. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. केलाँगच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. रात्री नऊच्या सुमारास डोळे उघडून म्हणाला, "भात भेटन का इथं?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तो अजूनही म्हणतो की अर्ध्यातून परतलो. म्हणो बापडा, म्हणायला आहे तर खरा.

असो. जाणाऱ्या मंडळींनो, सुट्टीत दोन दिवस जास्तीचे ठेवा. आणि सोबतच्याला कसं वाटतंय हे नुसतं विचारू नका, सरळ रेषेत चालवून बघा. विचारलं तर तो "काई नाई" असंच म्हणतो.